आपल्या डोंगरातले पानझडीचे रान

जळगाव जामोदच्या एस्टी स्टँडवर उतरा आणि उत्तरेकडे तोंड करा. समोर सातपुड्याची रांग दिसते. पाठीमागे पूर्णा नदीकडे उतरत गेलेली काळी जमीन आहे. तिच्यात कापूस, तूर, ज्वारी पिकते. पुढे डोंगर आणि डोंगरावर रान. या रानाची दोन रूपे आपण सगळ्यांनी पाहिली आहेत.

भाद्रपदात पाहावे तर डोंगर हिरवागार. इतका दाट की, आत गेलेली गाय दहा पावलांवर दिसत नाही. चैत्रात पाहावे तर तोच डोंगर उघडाबोडका. नुसती राखाडी खोडे उभी. पाय टाकला की वाळली पाने कुरकुर वाजतात. दगडन् दगड मोजून घ्यावा असा डोंगर दिसतो.

चैत्रात एकदा संध्याकाळच्या वर्गात ही गोष्ट निघाली. एक भाऊ म्हणाले, "मास्तर, रान त सारं वायून गेलं. वायलेलं लाकूड तोडून आनलं त काय बिघडलं? मेलेल्याले मारल्यानं काय होते?"

वर्गात एक म्हातारबा बसतात. त्यांचा सारा जन्म गुरे राखण्यात गेला. ते हसले. म्हणाले, "मेलं म्हनून कोनं सांगतलं तुले? नखानं खरवडून पाह्य ना जरा."

म्हातारबांनी लाखाची गोष्ट सांगितली. तुम्हीही करून पाहा. चैत्रात रानात जा. पान नसलेली एखादी कोवळी फांदी धरा आणि नखाने तिची साल हलकेच खरवडा. आतून हिरवे, ओले दिसले तर झाड जिवंत आहे. तपकिरी, कोरडे दिसले तर ती फांदी मेली. दहा झाडे खरवडून पाहिलीत, तर बहुतेक हिरवीच निघतील.

मग जिवंत झाडाने पाने का टाकावी? आणि पान नसलेल्या रानात वाघ, अस्वल, चितळ यांनी राहावे तरी कसे? हे आज आपण पाहू या.

चार महिन्यांची कमाई, बारा महिन्यांचा खर्च

आपल्याकडे पाऊस साधारण सातशे ते आठशे मिलिमीटर पडतो. म्हणजे काय? वर्षभर पडलेले सारे पाणी अंगणात साठवले, कुठे जिरू दिले नाही, तर ते माणसाच्या मांडीपर्यंत येईल. एवढीच आपली कमाई. तीही बहुतेक चार महिन्यांतली. मृगापासून हस्तापर्यंत काय मिळेल ते मिळेल. पुढचे आठ महिने आभाळ कोरडे.

आता सिंधुदुर्ग जिल्ह्यातली आंबोली घ्या. तिथे सात हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. अंगणात साठवला तर चार माणसे एकाच्या खांद्यावर एक उभी राहिली तरी बुडतील! तिथले रान वर्षभर हिरवे असते. पाने तिथेही गळतात, पण सगळी एकदम नाही. एक गळते, तोवर दुसरे फुटते. तिथे झाडाला पाण्याची चिंता नाही. चिंता आहे ती उन्हाची. दाटीत ऊन मिळावे म्हणून झाडे उंच उंच जातात. अंगावर पडलेले पाणी चटकन ओघळावे म्हणून तिथल्या पुष्कळ पानांना पुढे निमुळते टोक असते.

थेट हिमालयात गेलो तर तिसराच प्रकार. तिथे देवदाराचे पान सुईसारखे बारीक आणि चिवट. थंडीत पाणी गोठते, मग झाडाला प्यायला मिळत नाही. सुईसारख्या पानातून पाणी कमी उडते. फांद्या उतरत्या असतात, त्यामुळे त्यांवर पडलेले बर्फ घसरून जाते. आणि कोकणात खाडीच्या चिखलात कांदळवन आहे. तिथे पाणी भरपूर, पण खारे. चिखलात मुळांना हवा मिळत नाही. म्हणून काही झाडांची मुळे चिखलातून खुंट्यांसारखी वर येतात आणि हवा घेतात.

जसा देश तसा वेश, म्हणतात ना? झाडांचेही तसेच आहे. हॅरी चँपियन नावाच्या एका इंग्रज वन अधिकाऱ्याने १९३६ साली भारतातल्या जंगलांची प्रतवारी लावली. १९६८ साली एस. के. सेठ यांच्यासह ती सुधारली. त्यांनी जंगलांचे १६ मोठे गट सांगितले. आपल्या डोंगरातले रान त्यांपैकी कोरड्या पानझडी गटात बसते. हा गट काही लहानसहान नाही. मध्य भारताचा मोठा भाग याच रानाने व्यापलेला आहे.

पान म्हणजे पाण्याची गळती

पान हे झाडाचे स्वयंपाकघर. ऊन, हवा आणि पाणी घेऊन पान अन्न तयार करते. हवा आत घेण्यासाठी पानाला बारीक बारीक तोंडे असतात. डोळ्यांना ती दिसत नाहीत. गंमत अशी की, हवेसाठी तोंड उघडले की त्यातूनच आतले पाणी वाफ होऊन निघून जाते.

खरे वाटत नसेल तर एक प्रयोग करा. पैसा लागत नाही. सकाळी बांधावरच्या लिंबाच्या एका डहाळीवर पारदर्शक प्लास्टिकची पिशवी घाला. तोंड दोरीने आवळून बांधा. दुपारी जाऊन पाहा. पिशवीला आतून पाण्याचे थेंब लागलेले दिसतील. एका डहाळीचे हे पाणी. मग मोठ्या झाडाच्या हजारो पानांतून दिवसाला किती घागरी पाणी उडत असेल!

पावसाळ्यात हे चालून जाते. जमिनीत ओल असते. माघ-फाल्गुनात ओल खाली गेली, ऊन तापले, वारा सुटला की मग हा खर्च परवडत नाही. आपण काय करतो? विहीर आटली की उन्हाळी पीक घेत नाही. झाड तेच करते. स्वयंपाकघरच बंद करते.

सागाचे पान तर केवढे मोठे! पत्रावळीला एक पुरेल असे. त्यातून पाणीही तसेच उडते. म्हणून सागाला पाने टाकण्याची घाई असते आणि नव्या पानांची मुळीच घाई नसते. पहिला पाऊस पडेपर्यंत तो उघडाच उभा राहतो.

पण झाड पान टाकते ते असेच फेकून देत नाही. गाव सोडताना आपण घरातली भांडीकुंडी, दाणागोटा बांधून घेतो आणि मग कुलूप लावतो. झाडही पानातला कामाचा माल आधी काढून घेते. तो फांदीत, खोडात, मुळात नेऊन ठेवते. पानाचा हिरवा रंगही त्यातच मोडून जातो. मग पान पिवळे, तांबूस पडते. देठाशी एक पातळ पडदा तयार होतो. तेच कुलूप. वारा आला की पान गळते आणि जखम आधीच बंद झालेली असते. पिवळ्या पानाचा देठ तोडून पाहा, अलगद सुटतो. हिरव्या पानाचा देठ तोडून पाहा, ओढावा लागतो.

डोंगराच्या दगडी उतारावर सालई असते. तिच्या सालीचे कागदासारखे पापुद्रे निघतात. तसेच कांडोळीचे झाड. पांढऱ्या, गुळगुळीत खोडामुळे ते चांदण्यात भुतासारखे दिसते. या झाडांच्या पापुद्र्याखाली हिरवा थर असतो. पाने नसली तरी तो थर उन्हात थोडेफार अन्न करत राहतो. मोठी चूल बंद, पण कोपऱ्यात लहान शेगडी चालू! कुऱ्हाड लावायला ही झाडे फार सोपी. लाकूड मऊ, दिसायला वाळलेली. म्हणून त्यांच्यावरच पहिला घाव पडतो.

सगळेच रान एकसारखे उघडे पडत नाही, हेही ध्यानात घ्या. नाल्याच्या काठाने चालत गेलात तर अर्जुन, जांभूळ, उंबर, करंज दिसतील. तिथे ओल खोलवर टिकते, म्हणून भर उन्हाळ्यातही सावली असते. उन्हाळ्यात जनावरे तिथेच गोळा होतात. नाल्याकाठची दहा झाडे गेली तर वरच्या पन्नास झाडांपेक्षा जास्त नुकसान होते, असे मला वाटते.

उघड्या फांदीवर फूल

पान नाही, पण फूल आहे, हे या रानाचे मोठे नवल आहे. पळस पाहा. फाल्गुनात एक पान अंगावर नसते आणि झाड पेटल्यासारखे दिसते. काटेसावर तशीच. तांबडी, मांसल फुले, हाताच्या पंजाएवढी.

यात हिशेब आहे. फुलाला पाखरू हवे. पाखराच्या तोंडाला, डोक्याला पराग लागतो आणि तो दुसऱ्या फुलाला पोचतो, तेव्हा बी धरते. दाट पानांत फूल दडले तर पाखराला कसे दिसणार? पाने नसली की मैलावरून दिसते. शिवाय त्या दिवसांत नाले आटलेले असतात. फुलात गोड रस मिळतो. मैना, बुलबुल, सूर्यपक्षी, कोतवाल सारे पळसावर आणि सावरीवर लोटतात. सावरीची बोंडे पुढे उन्हाळ्यात फुटतात. आतला कापूस बी घेऊन वाऱ्याबरोबर उडतो. पाने आड येत असती तर इतका लांब गेला नसता.

आणि मोह! मोहाबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे. आपल्या डोंगरातल्या भिलाला, बारेला, कोरकू घरांत मोहाची फुले वेचणे हा वर्षाचा मोठा रोजगार आहे. बाजूच्या गावांतले लोकही वेचतात.

मोहाचे फूल रात्री उमलते. वटवाघळे त्यावर येतात आणि परागाची ने-आण करतात. पहाटे फुले टपटप खाली पडतात. पण खाली पडते ते काय? फुलाचा गोड, रसाळ भाग तेवढा पडतो. ज्याचे पुढे फळ व्हायचे, तो भाग फांदीवरच राहतो. म्हणून पडलेले फूल वेचले तर झाडाचे काही जात नाही. पुढे त्याच झाडाला फळ धरते आणि बियांचे तेल निघते. इतका सरळ व्यवहार दुसऱ्या कुठल्या झाडाने माणसाशी केला असेल असे वाटत नाही.

मात्र त्या फुलांवर आपला एकट्याचा हक्क नाही. चितळ येतात, वानरे येतात आणि अस्वल येते.

अस्वलाची ठेवण पाहण्यासारखी आहे. त्याच्या पुढच्या पायांची नखे लांब आणि वाकडी असतात, कुदळीसारखी. त्यांनी ते वारूळ फोडते. वरच्या जबड्यात पुढचे दोन दात नसतात. तिथे खिंड असते. ओठ लांब करून नळी करायची, नाकपुड्या बंद करायच्या आणि खिंडीतून वाळवी सूं करून ओढून घ्यायची! हा आवाज रात्री बराच लांब ऐकू येतो. उन्हाळ्यात पाने नसली तरी वाळवी असते, मोह असतो, मध असतो. म्हणून अस्वल या रानात तगून राहते.

अस्वलाची नजर अधू असते. वाळवी किंवा मोह खाण्यात ते गढून जाते. माणूस अगदी जवळ आला की दचकते आणि अंगावर येते. ते माणसाला खायला मारत नाही, भिऊन मारते. पण जखम व्हायची ती होतेच. मोहाच्या दिवसांत असे अपघात होतात, कारण दोघांचीही वेळ एकच, पहाटेची. म्हणून अंधारात एकट्याने जाऊ नये. चांगले उजाडल्यावर चार जणांनी मिळून, मोठ्याने बोलत जावे. अस्वलाला आपली चाहूल आधी लागली तर ते आपणच वाट सोडते. मादीच्या पाठीवर पिले असली तर मुळीच जवळ जाऊ नये.

वर्गातल्या एका मावशींनी विचारले, "मंग खाली जायलं त काय होते? पाला जयला की फुलं साफ दिसतेत. अस्वलही पयते."

प्रश्न रास्त आहे. वाळल्या पाल्यात फूल दिसत नाही. म्हणून मोहाखाली पाला पेटवण्याची चाल पडली. पण चैत्रातला वारा आणि वाळलेले रान, यात काडी लावणाऱ्याच्या हाती आग राहत नाही. एका झाडाखालची आग डोंगर चढून जाते. मोठे झाड जाड सालीमुळे वाचते. जळते ते लहान रोप, पडलेले बी, जमिनीवरची अंडी, सरडे, ससे. पाला गेला की जमीन उघडी पडते. पहिल्या वळवाचा थेंब तिच्यावर थेट आदळतो आणि माती धुऊन नाल्यात जाते. पाला असता तर तेच पाणी थांबून, मुरून खाली गेले असते.

याला दुसरा उपाय आहे. झाडाखालचा पाला झाडूने झाडून बाजूला करावा. नाहीतर जुनी लुगडी, चादरी किंवा जाळी अंथरावी. फूल स्वच्छ मिळते. धूर-माती लागत नाही, म्हणून वाळवूनही चांगले राहते. जंगलाला आग लावणे हा १९२७ च्या वन कायद्याने गुन्हा आहे. उलट, मोह, डिंक, तेंदूपान गोळा करण्याचा हक्क २००६ च्या वनहक्क कायद्याने रानात राहणाऱ्यांना दिलेला आहे. मावशींना लुगड्याची युक्ती पटली. "पन लुगडं पुरलं पाह्यजे," एवढेच त्या म्हणाल्या. मोठ्या मोहाखाली पाच-सहा तरी लागतील, हे खरेच आहे.

पावसाच्या आधीच पालवी

आणखी एक कोडे. कुसुमाचे झाड पाहिले असेल. चैत्रात त्याला लालचुटूक पालवी फुटते. पळसालाही वैशाखात नवी पाने येतात. पाऊस तर अजून महिना-दीड महिना लांब! विहिरी तळाला गेलेल्या, आणि यांना हा हुरूप कुठून?

पाणी येते ते खोल मुळांतून आणि खोडात राखून ठेवलेल्या साठ्यातून. पाने टाकून वाचवलेले पाणी इथे कामाला येते. आणि घाई का? तर किड्यांमुळे. पाऊस पडला की अळ्या, भुंगे, टोळ यांचा सुळसुळाट होतो. त्यांना कोवळे पान हवे असते. झाडाने उन्हाळ्यातच पाने फोडली, तर किडे येईपर्यंत ती जून होतात आणि खायला कठीण पडतात. दक्षिणेत मुदुमलैच्या पानझडी जंगलात अभ्यासकांनी हे मोजून पाहिले. १९९३ साली ते छापून आले. पावसाआधी पालवणाऱ्या झाडांची पाने किड्यांनी कमी खाल्लेली आढळली. कपाशी वेळेवर पेरली तर किडीतून बरीच वाचते, हे आपल्याला ठाऊक आहेच. झाडांना ते आपल्या आधीपासून ठाऊक आहे.

वर मरायचे, खाली जगायचे

रानात लहान रोपाचे हाल फार. पावसाळ्यात बी रुजते. चार पाने येतात. हिवाळा कसाबसा निघतो. उन्हाळ्यात शेंडा वाळतो, नाहीतर शेळी खाते, नाहीतर वणव्यात जळतो. आपल्याला वाटते, संपले.

संपत नाही. सालईचे रोप, आणि कोरड्या जागी सागाचेही रोप, असे दर वर्षी वरून मरते आणि खालून जगते. चार महिन्यांत पानांनी जे कमावले ते मुळात जाते. मूळ गाजरासारखे जाड होत जाते. पुढच्या मृगात पुन्हा नवा कोंब. पुन्हा मरण. असे काही वर्षे चालते. मग एक साल असे येते की, मुळाचा साठा पुरेसा झालेला असतो. त्या पावसाळ्यात कोंब सरळ वर जातो, गुराच्या तोंडाच्या आणि गवताच्या आगीच्या वर. आता ते झाड झाले.

वन खात्याची रोपवाटिका पाहिली असेल तर सागजडी तुम्हाला माहीत असेल. वरचे सारे रोप कापून टाकतात. अंगठ्याएवढे जाड मूळ आणि बोटभर खोड ठेवतात. तीच जडी पावसाळ्याच्या तोंडाला भोक पाडून लावतात आणि साग उगवतो. रानातल्या सागाची ही जुनीच खोड, माणसाने तिचा उपयोग करून घेतला.

पण या सोसण्यालाही हद्द आहे. दर वर्षी आग आणि दर वर्षी चराई झाली तर मुळात साठणारच काय? कमाईपेक्षा खर्च जास्त झाला की मूळही मरते. मग वरची म्हातारी झाडे उभी दिसतात, पण खाली त्यांची पोरे नसतात. असे रान पाहून लवकर ध्यानात येत नाही. दहा-वीस वर्षांनी येते.

जनावरांचे बारा महिने

आता जनावरांकडे वळू. झाड जागचे हलत नाही. जनावर हलते, हाच त्याचा उपाय. पावसाळ्यात गवत सगळीकडे, तेव्हा चितळ पांगतात. उन्हाळ्यात पाण्याभोवती येतात. चितळाने वानरांशी दोस्ती केली आहे. वानरे झाडावर खातात कमी आणि टाकतात जास्त. खाली चितळ ती पाने, फुले, फळे वेचतात. वरून वानराला वाघ-बिबट्या लांबून दिसतो. ते खाकरून ओरडते. खालून चितळाला वास आणि चाहूल आधी लागते. दोघांचेही काम होते.

वाघाला उष्मा सोसत नाही. उन्हाळ्यात तो नाल्यातल्या डोहात शेपटीकडून शिरतो आणि बसून राहतो. त्याच्या पिवळ्या अंगावरचे काळे पट्टे वाळल्या गवतात मिसळून जातात. एक गंमत अलीकडे कळली आहे. नारिंगी रंग आपल्याला उठून दिसतो, पण हरणांच्या डोळ्यांना तो हिरव्यापासून वेगळा दिसत नाही. आपल्याला भडक वाटणारा वाघ चितळाला झुडपासारखाच दिसतो.

काही जीव मात्र कुठेच जात नाहीत. ते उन्हाळा झोपून काढतात. गोगलगाय शंखात शिरते आणि तोंडाला पडदा लावून घेते. मोठा बेडूक जमिनीत स्वतःला पुरून घेतो. मृगाची पहिली सर आली की बाहेर येतो. एका रात्रीत शेतातल्या डबक्यात पिवळेजर्द बेडूक ओरडू लागतात. पोरे विचारतात, हे कुठून आले? ते तिथेच होते, आपल्या पायाखाली. उलट आंबोलीच्या ओल्या रानात एक हिरवा बेडूक झाडावरच राहतो. पाण्यावर झुकलेल्या पानाला तो फेसाचे घरटे करतो आणि पिले पाण्यात टपकतात. आपल्या डोंगरात ते जमले नसते. फेस दुपारपर्यंत सुकून गेला असता!

आणि वाळवी. आपण तिला शिव्या देतो, कारण ती घराची कडीपाट खाते. रानात तिच्यावाचून चालत नाही. एवढा गळालेला पाला जातो कुठे? पुष्कळसा वाळवी नेते. वारुळात ती त्या पाल्यावर बुरशीची शेती करते आणि ती बुरशी खाते. आत दमट गारवा राखते. पाल्याचे खत होऊन पुन्हा झाडाला मिळते. पावसाळ्यात वारुळावर ज्या पांढऱ्या छत्र्या उगवतात, त्या याच शेतीतल्या. लोक त्यांची भाजी करतात. पण नीट ओळख नसेल तर हात लावू नये. विषारी छत्र्याही तशाच दिसतात.

हरवलेला पिंगळा

शेवटी एका पाखराची हकीकत सांगतो. पिंगळा आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे. त्याचाच एक भाऊ आहे, रानपिंगळा. १८७३ साली इंग्रज पक्षितज्ज्ञ ह्यूम यांनी त्याचे वर्णन छापले. १८८४ पर्यंत थोडे नमुने मिळाले. जगातल्या साऱ्या संग्रहालयांत मिळून सातच. पुढे तो कुणाला दिसेना. माइनर्ट्झहागेन नावाच्या एका इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने १९१४ साली गुजरातेत मिळाला म्हणून एक नमुना दाखवला होता. पुढे उघड झाले की, तो जुनाच नमुना होता. संग्रहालयातून पळवलेला आणि नवी चिठ्ठी लावलेला! खोट्या चिठ्ठीमुळे शोधणारे भलत्या जागी शोधत राहिले.

नोव्हेंबर १९९७ मध्ये अमेरिकेच्या पामेला रासमुसेन आणि त्यांचे सोबती जुन्या, खऱ्या नोंदींच्या मागावर सातपुड्यात आले. खानदेशात शहाद्याजवळ एका उघड्या झाडावर, दिवसाढवळ्या, रानपिंगळा बसलेला दिसला. ११३ वर्षांनी! नंतर तो मेळघाटात सापडला आणि आता त्याची मोठी वस्ती तिथेच आहे. मेळघाट काही लांब नाही. आपल्या शेजारच्या संग्रामपूर तालुक्यातले अंबाबरवा अभयारण्य मेळघाट व्याघ्र प्रकल्पातच मोडते.

हा पिंगळा दिवसा शिकार करतो. सरडे, पाली, उंदीर खातो. उघड्या सागाच्या शेंड्यावर बसून खालचे सारे पाहतो. म्हणजे हे पानझडीचे, विरळ, कोरडे रानच त्याला हवे. आंबोलीच्या हिरव्या रानात तो दिसायचा नाही. अंडी घालायला त्याला ढोली लागते आणि ढोली जुन्या झाडातच असते. आपण मोळीसाठी पहिले कोणते झाड धरतो? जे जुने, पोकळ, काही कामाचे नाही असे वाटते ते.

ही हकीकत सांगितली त्या रात्री ते पहिले भाऊ गप्पच होते. आठ दिवसांनी वर्गात आले तेव्हा म्हणाले, "मास्तर, बांधावरचा मोह खरवडून पाह्यला. दोन फांद्या कोरड्या निंगाल्या. बाकी झाड हिरवं हाये." कोरड्या दोन फांद्या त्यांनी तोडून आणल्या होत्या. खोडाला एक ढोली आहे, तिला हात लावला नाही. रात्री तिच्यातून कसलासा आवाज येतो म्हणतात. पाखरू कोणते आहे ते अजून कळलेले नाही. म्हातारबा म्हणतात, आपला साधा पिंगळाच असेल.